न पाहिलेल्या फिल्मखालची सही

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मी तालुक्याच्या गावी एका खासगी निदान केंद्रात एक्स-रे टेक्निशियन आहे. नोकरीला सहा वर्षं झाली. पूर्वी आमच्या फिल्म ऑनलाइन शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे फिल्म वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, जायच्या आणि रिपोर्ट रात्री किंवा दुसऱ्या दिवशी यायचा. चार महिन्यांपूर्वी मालकांनी एआय सॉफ्टवेअर घेतलं. छातीचा एक्स-रे काढला की दोन मिनिटांत रिपोर्ट तयार. ज्यात काही सापडतं त्या फिल्म अजूनही डॉक्टरांकडे जातात. ‘नॉर्मल’ येतात त्यांच्यावर डॉक्टरांची स्कॅन केलेली सही छापली जाते आणि रिपोर्ट तिथल्या तिथे पेशंटच्या हातात जातो.

मागच्या महिन्यात पासष्टीच्या एका आजोबांचा रिपोर्ट नॉर्मल आला. मला डावीकडे अगदी वर, हासळीच्या हाडामागे (कॉलरबोनमागे), उजवीपेक्षा जास्त पांढरं वाटत होतं. मालकांना दाखवलं तर म्हणाले, ‘लाखो एक्स-रे बघून शिकलेलं सॉफ्टवेअर आहे ते. तू फिल्म काढ.’ आजोबांनी जाताना विचारलं, ‘डॉक्टरांनी बघितलं ना?’ मी हो म्हणालो. तेव्हापासून धड झोप नाही. घरावर कर्ज आहे, बहिणीचं लग्न व्हायचंय, नोकरी घालवून चालणार नाही. एआय खरंच डॉक्टरपेक्षा जास्त जाणतं का? माझं चुकतंय का? मी काय करू?

– एक टेक्निशियन, मराठवाडा

नमस्कार.

बाकी सगळं नंतर बोलू. आधी त्या आजोबांना शोधा. तुमच्या रजिस्टरमध्ये त्यांना पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव असेल, बहुतेक फोन नंबरही असेल. आज त्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच म्हणा: ‘सर, तुम्ही पाठवलेल्या अमुक पेशंटची छातीची फिल्म एकदा तुम्ही स्वतः बघाल का? डावीकडे वरच्या टोकाला दोन्ही बाजू सारख्या वाटत नाहीत.’ टीबी म्हणू नका, गाठ म्हणू नका. निदान करणं तुमचं काम नाही आणि ते तुम्ही करतही नाही आहात. जे दिसलं ते सांगताय, आणि ते सांगण्यापासून कोणताही कायदा किंवा मालक तुम्हाला अडवू शकत नाही. एक महिना गेलाच आहे. माझं हे उत्तर पुरतं वाचून होण्याआधी फोन केलात तरी चालेल.

तुमचा संशय चुकीचाही ठरू शकतो. पहिल्या बरगडीच्या पुढच्या टोकाला वयाबरोबर चुना साठतो आणि तो फिल्मवर हुबेहूब गाठीसारखा दिसतो. तरुणपणी होऊन गेलेल्या टीबीचा व्रण असेल. पेशंट जरासा तिरका उभा असेल तरी एक बाजू जास्त पांढरी दिसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तसं काही निघालं तर आजोबांचा एक हेलपाटा वाया जाईल, इतकंच. पण ती जागा मी चांगली ओळखते. हासळीमागे, हृदयामागे, छाती आणि पोट यांमधल्या घुमटासारख्या पडद्याच्या खाली आणि फुप्फुसाच्या मुळाशी, या चार ठिकाणी छातीच्या फिल्मवर गोष्टी लपतात.

मी रेडिओलॉजी शिकत असताना एका एसटी कंडक्टरच्या फिल्मवर माझ्या हाताने ‘नॉर्मल’ लिहिलं होतं. ते गृहस्थ सात महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडतंय म्हणून परत आले. जुनी फिल्म काढून व्ह्यू बॉक्सवर लावली, तर डाव्या टोकाला, हाडामागे, ते तिथेच होतं. बारीक, पण होतं. आमचे सर ओरडले नाहीत. त्यांनी फिल्मचा खालचा सगळा भाग एका जाड कागदाने झाकला आणि फक्त दोन टोकं उघडी ठेवून म्हणाले, ‘आता बघ.’ त्या दिवसापासून मी प्रत्येक छातीची फिल्म एकदा अशी झाकून बघत आले. तुम्ही डाव्या-उजव्याची तुलना केलीत, म्हणजे हे तुम्हाला कुणी शिकवलेलं असेल किंवा सहा वर्षांत डोळ्याने आपणहून उचललं असेल. ‘तू फिल्म काढ’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट माहीत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. एआय डॉक्टरपेक्षा जास्त जाणतं का? काही बाबतींत, काही परिस्थितीत, हो. हे मी मनापासून लिहिते आहे. आपल्याकडे तालुक्यातल्या कितीतरी फिल्म रेडिओलॉजिस्टच्या नजरेखालून कधीच गेल्या नाहीत. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, ‘काही नाही’ म्हणाले आणि लिफाफ्यात परत घातली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं की क्षयरोगाच्या चाळणीसाठी (स्क्रीनिंगसाठी), 15 वर्षांवरच्या माणसांच्या डिजिटल छातीच्या एक्स-रेवर, माणसाच्या जागी संगणकाने वाचन केलं तरी चालेल. माणसाच्या जागी, हे शब्द नीट लक्षात घ्या. आपल्याकडे 7 डिसेंबर 2024 ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रं आणि त्यांना जोडलेलं एआय गावोगाव फिरलं. हे चांगलं काम आहे. मी सेवेत असताना अशी सोय असती तर मी दोन्ही हातांनी घेतली असती.

पण त्या मोहिमेची रचना कशी आहे ते बघा. मशिनने ‘संशय’ म्हटलं की माणूस थुंकीच्या तपासणीकडे जातो, थुंकीत क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्राकडे. (हे ट्रूनॅट आपल्या शेजारी गोव्यात तयार होतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं.) आणि ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, वजन घटतंय, त्याची थुंकी फिल्म काहीही म्हणो, तपासायचीच असते. म्हणजे तिथे मशिन ही रांगेच्या सुरुवातीची खिडकी आहे. मागे आणखी खिडक्या आहेत. शिवाय तिथे प्रश्न एकच विचारलेला आहे, क्षयाचा संशय आहे का. तुमच्या केंद्रात तेच मशिन शेवटची खिडकी करून ठेवलं आहे, आणि त्याला विचारलेला प्रश्न आहे, ‘या छातीत काहीच नाही ना?’ या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मशिनने स्वतःच्या जबाबदारीवर निदान करायचं, मध्ये डॉक्टर नाही, अशी व्यवस्था जगात खरोखर उभी आहे. ती कशी उभी केली ते तुम्ही एकदा समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण मग तुमच्याकडे काय चाललंय ते तुम्हालाच स्पष्ट दिसेल. अमेरिकेत एप्रिल 2018 मध्ये आयडीएक्स-डीआर नावाच्या यंत्रणेला सरकारी मंजुरी मिळाली. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा ती ओळखते. मायकेल अब्रामॉफ नावाच्या नेत्रतज्ज्ञाने त्यावर कित्येक वर्षं घालवली होती. तिची चाचणी 10 साध्या दवाखान्यांत 900 मधुमेही पेशंटवर झाली. जिथे नेत्रतज्ज्ञ नसतो आणि फोटो काढणारा माणूसही थोडक्या तासांत शिकवलेला असतो, मुद्दाम अशाच ठिकाणी. इजा असलेल्या शंभरांपैकी सुमारे 87 जणांना तिने बरोबर ओळखलं, नसलेल्यांपैकी सुमारे 90 जणांना बरोबर सोडलं. आकडे दैवी नाहीत, आणि ते जसे आले तसे जाहीर केले.

मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. एकच रोग, एकच ठरलेला कॅमेरा, वय 22 च्या पुढे, आधी पडद्याचा आजार निदान झालेला नसलेला मधुमेही. उत्तरं दोनच: ‘नेत्रतज्ज्ञाकडे जा’ किंवा ‘बारा महिन्यांनी परत तपासा’. फोटो नीट नसेल तर यंत्रणा उत्तर द्यायला साफ नकार देते. कागदावर कुणा डॉक्टरची सही नसते; निकाल यंत्रणेचा आहे हे पेशंटला आणि दवाखान्याला माहीत असतं. आणि अब्रामॉफ आणि त्यांच्या कंपनीने सुरुवातीपासून सांगितलं की ठरवून दिलेल्या पद्धतीने वापर करूनही यंत्रणेची चूक झाली, तर जबाबदारी आमची. जो निर्णय घेतो तोच उत्तर देतो. स्वायत्त म्हणायचं तर इतकं उघड असावं लागतं.

तुमच्या केंद्रात निर्णय घेतलाय मशिनने, सही आहे डॉक्टरांची, पैसे घेतलेत मालकांनी आणि आजोबांच्या प्रश्नाला उत्तर दिलंय तुम्ही. उद्या काही झालं तर यांतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. आणि माझा अनुभव असा की फिरत फिरत ते बोट पगारावरच्या माणसाकडे येऊन थांबतं.

छातीच्या एक्स-रेबद्दलही असं स्वायत्त काम झालेलं आहे. लिथुआनियाच्या ऑक्सिपिट कंपनीच्या चेस्टलिंक नावाच्या सॉफ्टवेअरला 2022 मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. पूर्णपणे निर्दोष वाटणाऱ्या फिल्मचा रिपोर्ट ते डॉक्टरशिवाय देऊ शकतं. मालक कदाचित असंच काही ऐकून आले असतील. म्हणून 2023 मध्ये डेन्मार्कहून आलेल्या एका अभ्यासाचे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. असंच एक बाजारातलं सॉफ्टवेअर 1529 पेशंटच्या जुन्या फिल्मवर चालवलं. त्यांतल्या 1100 फिल्ममध्ये काही ना काही दोष होता. सॉफ्टवेअरने 1090 ओळखल्या, म्हणजे 99.1 टक्के. त्याच फिल्मवर रोजच्या कामात डॉक्टरांनी लिहिलेल्या रिपोर्टमध्ये हे प्रमाण 72.3 टक्के होतं. मालक इथे टाळी वाजवतील, आणि हा आकडा आम्हा रेडिओलॉजिस्टना टोचायलाच हवा.

मात्र पुढचं वाक्य त्यांना वाचायला लावा. इतकी कमी चूक करण्यासाठी सॉफ्टवेअरने किती फिल्म ‘नॉर्मल’ म्हणून डॉक्टरशिवाय सोडल्या? खरोखर नॉर्मल असलेल्या 429 पैकी फक्त 120. सगळ्या ढिगाऱ्याच्या मानाने शंभरात आठ. चुकून सुटलेल्या त्या दहा वगळता उरलेल्या सगळ्या फिल्म त्याने ‘माणसाने बघा’ म्हणून परत केल्या. त्याची सगळी सुरक्षितता त्या संकोचातून आलेली होती.

म्हणून तुमच्या केंद्राला विचारायचा पहिला प्रश्न हा, की आपल्याकडे शंभर छातीच्या फिल्मपैकी किती थेट बाहेर जातात? दहा-पंधरा जात असतील तर निदान बोलायला जागा आहे. पत्राच्या सुरावरून मला भीती वाटते की साठ-सत्तर जात असतील. तसं असेल तर रेघ कुणीतरी सरकवलेली आहे. रेघ म्हणजे काय ते सांगते. असं सॉफ्टवेअर प्रत्येक फिल्मला आतल्या आत एक गुण देतं, समजा शून्य ते शंभर. किती गुणांच्या खाली ‘नॉर्मल’ म्हणायचं ते फिल्म ठरवत नाही, माणूस ठरवतो. रेघ खाली ठेवली की मशिन भित्रं होतं आणि ढीगभर फिल्म डॉक्टरांकडे पाठवतं. रेघ वर सरकवली की डॉक्टरांचं बिल कमी होतं, मशिन मोकळ्या हाताने ‘नॉर्मल’ वाटतं आणि आजोबांसारखी माणसं त्याच्या फटीतून जातात. क्षयरोगाच्या चाळणीतसुद्धा ही रेघ आपापल्या भागाप्रमाणे ठरवावी लागते. तुमच्याकडे ती कुणी ठरवली? विक्रेत्याने डेमोच्या दिवशी जी होती तीच आहे का? नंतर कुणी बदलली का? हे विचारायला रेडिओलॉजीची पदवी लागत नाही.

‘लाखो एक्स-रे बघून शिकलेलं’ हे वाक्य मी अनेक विक्रेत्यांच्या तोंडून ऐकलं आहे. खोटं नसतं ते, अपुरं असतं. 2018 मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारं एक मॉडेल तपासलं, तेव्हा लक्षात आलं की फिल्म कुठल्या रुग्णालयातून आली हे ते जवळजवळ अचूक ओळखतं. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे पेशंट जास्त, तिथल्या फिल्मला ते जास्त संशय द्यायला शिकलं होतं. डावी-उजवी बाजू सांगणारी कोपऱ्यातली शिशाची अक्षरं, फिरत्या यंत्राची खूण, असल्या गोष्टींतूनही ते शिकत होतं. फुप्फुस तर दिसत होतंच, पण सोपा रस्ता सापडला तर मशिन तो घेतं. दुसऱ्या ठिकाणच्या फिल्म दिल्या की त्याची हुशारी घसरली. तुमच्याकडचं यंत्र कुठलं, एक्स्पोजर कसं, धुळीत काम करणाऱ्यांची, जुना टीबी होऊन गेलेल्यांची फुप्फुसं किती, हे सगळं त्या लाखांमध्ये होतं का? असेलही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि मशिनने आजोबांना पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलंत. जिना चढताना ते थांबले का, सदरा खांद्यावर सैल लोंबत होता का, ‘श्वास धरा’ म्हटल्यावर खोकल्याने धरता आला नाही का. हे तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीवर ‘छातीचा एक्स-रे’ एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा रेडिओलॉजिस्टलाही ते माहीत नसतं. थायलंडमध्ये गूगलच्या डोळे तपासणाऱ्या एआयचा दवाखान्यांत वापर सुरू झाला, तेव्हा पाचातला जवळपास एक फोटो मशिनने नाकारला, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता आणि नर्सबाईंवर रांगेचा ताण होता. प्रयोगशाळेत तेच मशिन तज्ज्ञांच्या तोडीचं होतं. मशिनची हुशारी शेवटी फोटो काढणाऱ्याच्या हातावर उभी असते. ‘आपलं काम फिल्म काढायचं’ याचा खरा अर्थ हा आहे.

सहीकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला आहे. पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर सही कुणाची, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला. एकेका डॉक्टरची स्कॅन केलेली सही कुठल्या कुठल्या गावांत फिरायची. शेवटी डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. त्यामागचा विचार एक्स-रेला लागू होत नाही असं कोण म्हणेल? सही म्हणजे ‘मी पाहिलं’. टेलिमेडिसिनच्या 25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही एआयबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: त्याने डॉक्टरला मदत करावी, पण पेशंटला सल्ला देणं आणि औषध लिहिणं नोंदणीकृत डॉक्टरचंच काम. आणि असं सॉफ्टवेअर एप्रिल 2020 पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं. म्हणजे ते कशासाठी वापरायचं आहे, हे त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. तो कागद मालकांकडे मागा. ‘डॉक्टरला साहाय्य’ किंवा ‘क्षयरोगाची चाळणी’ असं लिहिलं असेल, तर त्यावरून अंतिम रिपोर्ट छापणं हा विक्रेत्याच्या स्वतःच्या कागदाचाही भंग आहे.

मग ज्यांची सही छापली जाते त्या शहरातल्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? हे कुणी विचारलंय का? मला दाट शंका आहे की त्यांना वाटत असावं, गावातली कामं कमी झाली आहेत. माझ्या ओळखीच्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत असंच घडलं होतं. त्याची सही एका केंद्रात तो सोडून गेल्यानंतर वर्षभर छापली जात होती. मालकांच्या आधी त्या डॉक्टरांशी बोलावं, असा माझा सल्ला आहे. तुम्ही रोज त्यांना फिल्म पाठवता, नंबर आहेच. ‘सर, नॉर्मल फिल्मवर तुमची सही जाते, त्या तुम्ही बघता का, की पाठवायच्या राहतात?’ एवढंच, साधेपणाने. त्यांना माहीत नसेल तर पुढचं काम तेच करतील, कारण त्यांची नोंदणी पणाला लागलेली आहे, आणि मालकांना एका टेक्निशियनपेक्षा त्यांचं ऐकावं लागेल. माहीत असून त्यांनी होकार दिला असेल, तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

एक धोका आताच सांगून ठेवते. उद्या मालक म्हणतील, ‘ठीक आहे, डॉक्टर सगळ्या फिल्मवर एकदा नजर टाकतील,’ आणि डॉक्टर एका मिनिटात वीस रिपोर्टना ओके करतील. यातून काही सुधारणार नाही. जर्मनीत 2023 मध्ये 27 रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) दाखवले, सोबत एआयचं उत्तर दिलं, आणि काही उत्तरं मुद्दाम चुकीची ठेवली. एआय बरोबर असताना नवखे आणि अनुभवी सगळे साधारण 80 टक्के बरोबर होते. एआय चुकल्यावर नवख्यांचं प्रमाण 20 टक्क्यांवर आलं, आणि खूप अनुभवी मंडळीसुद्धा 45 टक्क्यांवर घसरली. समोर उत्तर लिहिलेलं असलं की डोळा तेच शोधतो. मी तीस वर्षं फिल्म वाचल्या, तरी मी यातून सुटले असते असं छातीठोकपणे म्हणणार नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी फिल्म बघावी, मग एआयचं मत उघडावं, असा क्रम त्यांना सुचवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असेल तर उत्तम, नसेल तर फिल्म आणि एआयचा कागद वेगवेगळे पाठवता येतात.

आता नोकरी. मी पेन्शनवर बसून तुम्हाला शूर व्हायला सांगणं सोपं आहे, म्हणून जपून लिहिते. मालकांशी भांडू नका, आणि चारचौघांत तर नाहीच. एक वही घाला. तारीख, फिल्मचा नंबर, मशिन काय म्हणालं, तुम्हाला कुठे काय वेगळं वाटलं. नाव नको, नंबर पुरे. महिनाभर लिहा. मग मालकांना एकटं गाठून ही वही दाखवा आणि त्यांच्या भाषेत बोला: ‘साहेब, एखादी केस उलटली तर ग्राहक आयोगात आपल्या केंद्राचं नाव येईल. शंकेच्या फिल्म डॉक्टरांकडे पाठवल्या तर दिवसाला चार-पाचच जातील, खर्च फार नाही.’ पुष्कळ मालक दुष्ट नसतात. त्यांना विक्रेत्याने जे सांगितलं त्यावर त्यांचा विश्वास बसलेला असतो, आणि हप्ते चालू असतात. त्यांना माघार घ्यायला एक बरी वाट दाखवली तर ते घेतात.

फिल्मचे फोटो मोबाइलवर काढून टेक्निशियनच्या ग्रुपवर टाकू नका, ‘जरा सांगा रे’ म्हणूनसुद्धा नाही. पेशंटची खासगी गोष्ट आहे ती, आणि तुमची बाजू खरी असताना तुम्हीच अडकाल.

आणि हे सगळं करूनही त्यांनी न पाहिलेल्या फिल्मवर सही छापणं चालूच ठेवलं, तर दुसरी जागा शोधायला लागा. शोधायला, लगेच सोडायला नव्हे. चांगल्या हाताचा एक्स-रे टेक्निशियन मिळत नाही म्हणून जिल्ह्याच्या गावातली केंद्रं रडत असतात. डॉक्टरच्या सहीच्या गैरवापराची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, पण ती त्या डॉक्टरांनी स्वतः करणं जास्त योग्य, आणि म्हणूनही त्यांना आधी फोन करायला सांगितलं.

‘माझं चुकतंय का’ असं तुम्ही विचारलंत. फिल्मच्या बाबतीत तुमचं चुकलं नाही, तुम्ही पाहिलंत आणि दाखवलंतही. ‘हो’ म्हणालात ते चुकलं, आणि ते तुम्हाला माझ्याआधी कळलं आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर म्हणा, ‘हा रिपोर्ट कॉम्प्युटरने दिलाय. तुमच्या डॉक्टरांना फिल्म दाखवा, नुसता रिपोर्ट नको. आणि खोकला थांबला नाही तर परत या.’ मालकांसमोरही हे म्हणता येतं. यात केंद्राची बदनामी नाही, आणि फिल्म पेशंटच्या हातात द्यायलाच हवी.

एआयचा एखादा कोर्स करावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या वयाच्या मुलांना मी सांगते ते सांगून ठेवते. करा, पण आधी शरीररचना पक्की करा. मशिन कुठे अडखळेल हे ज्याला कळतं त्याला पुढची तीस वर्षं काम आहे.

आजोबा परत आले आणि डॉक्टरांनी दुसरी फिल्म लिहून दिली तर ती तुम्हीच काढा. चिठ्ठीशिवाय मात्र नको. डॉक्टरांना विचारा, लॉर्डॉटिक व्ह्यू (पेशंटला मागे झुकवून काढलेली फिल्म) चालेल का. त्यात हासळी वर सरकते आणि फुप्फुसांची वरची टोकं मोकळी दिसतात. आजोबांना पाठ मागे टेकवून वाकणं जमत नसेल तर ट्यूबचा कोन बदला. साध्या पीएसाठी (पाठीकडून किरण सोडून काढायच्या फिल्मसाठी) खांदे नीट पुढे घ्यायला लावा, दोन्ही हासळ्यांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आली का ते बघा. श्वास घ्यायला त्यांना वेळ द्या, आधी एकदा नुसता सराव करून घ्या. मागच्या महिन्याची फिल्म काढून सोबत जोडा आणि दोन्ही त्याच दिवशी त्या डॉक्टरांच्या टेबलावर पोचतील असं बघा. काय निघालं ते मला कळवा.